‘व्हिस्की टँगो फॉक्सट्रॉट’ पाहताना: परदेशातल्या युद्धवार्ताहराचं काम चालतं कसं

किम बेकर न्यूयॉर्कच्या एका वृत्तवाहिनीत टेबलावर बसून दुसऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर वाचायच्या बातम्या लिहिते. साल २००३. अनुभवी मंडळी इराकच्या वाटेवर आहेत, अफगाणिस्तानला पाठवायला माणूस उरलेला नाही. मग ऑफिसातल्या अविवाहित, मूलबाळ नसलेल्या कर्मचाऱ्यांना एका खोलीत बोलावून विचारलं जातं: काबूलला कोण जातंय? २०१६ साली आलेला, टीना फेची मुख्य भूमिका असलेला ‘व्हिस्की टँगो फॉक्सट्रॉट’ हा चित्रपट; त्याची गोष्ट इथून सुरू होते. ग्लेन फिकारा आणि जॉन रेक्वा या जोडीने तो दिग्दर्शित केला आहे.

हसायला म्हणून बसलेल्यांना हा चित्रपट मध्येच गंभीर होतो म्हणून आवडत नाही, आणि युद्धपट म्हणून बसलेल्यांना त्यात लढाईच कमी वाटते. दोघांचीही अडचण एकच आहे. यातले निम्मे विनोद कामाच्या पद्धतीवर आहेत आणि ती पद्धत चित्रपट समजावून सांगत नाही. परदेशी वार्ताहर युद्धभूमीवर एकट्याच्या हिमतीवर काम करत नाही. स्थानिक फिक्सर (वार्ताहराची कामं जुळवून देणारा तिथला माणूस), परदेशी लष्कर आणि घरचं संपादकीय डेस्क या तिघांवाचून त्याचं पान हलत नाही, आणि तिघांनाही त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. सगळी कथा या ओढाताणीची आहे.

एक फरक आधी लक्षात घ्यायला हवा. चित्रपट किम बार्कर यांच्या २०११ सालच्या पुस्तकावर आधारित आहे. बार्कर टीव्हीवर नव्हत्या. त्या ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकाच्या दक्षिण आशिया ब्युरोच्या प्रमुख होत्या, आणि अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत असा मोठा पट्टा त्यांच्याकडे होता. चित्रपटाने त्यांना टीव्ही पत्रकार केलं, आणि त्यामुळे कामाचं स्वरूपच बदललं. दैनिकाच्या बातमीदाराला वही, फोन आणि दुभाषा एवढ्यावर भागवता येतं. घटना घडून गेल्यावर तो चार जणांना भेटून ती उभी करू शकतो. टीव्हीला मात्र घटना घडताना तिथे असावं लागतं, कारण चित्र नसेल तर बातमीच नाही. पडद्यावरची किम धोक्याच्या जवळ जवळ जात राहते, त्याचं एक कारण तिचा स्वभाव आणि दुसरं हे.

आता यातला पहिला खांब, फिक्सर. चित्रपटात त्याचं नाव फहीम. ‘दुभाषा’ म्हटलं तर त्याचं निम्मंही काम त्यात मावत नाही. सकाळी रस्ता सुरक्षित आहे का हे तो ठरवतो, गाडी आणि चालक आणतो, मंत्र्याच्या सचिवाकडून वेळ मिळवतो, गावच्या वडीलधाऱ्यांकडे निरोप धाडतो, मुलाखतीत भाषांतर करतो, आणि समोरचा माणूस उत्तर देताना अस्वस्थ झाला तर पुढचा प्रश्न विचारू नकोस असं डोळ्यांनी सुचवतो. अफगाणिस्तानात भाषेचाही पेच आहे. काबूलमध्ये प्रामुख्याने दरी ही भाषा चालते, दक्षिणेत कंदाहार-हेलमंदकडे पश्तो. केवळ दरी येणारा काबूलचा पोरगा कंदाहारला नेला तर तो तुमच्याइतकाच परका ठरतो, शिवाय त्याच्यावर संशय जास्त घेतला जातो. म्हणून चांगला फिक्सर म्हणजे दोन्ही भाषा, दोन्हीकडची नाती आणि थोडीफार इंग्रजी येणारा माणूस. असे फार नसतात, त्यामुळे मोठ्या वाहिन्या त्यांना एकमेकांकडून पळवतात.

भाषांतरात चुका कुठे होतात? समोरचा माणूस पाच मिनिटं बोलतो आणि दुभाषा सांगतो, ‘तो हो म्हणतोय.’ मधला सगळा भाग गळून गेला. यावर उपाय साधे आहेत. प्रश्न एका वाक्याचा ठेवायचा. ‘त्यांना विचार की…’ असं दुभाष्याला न सांगता थेट समोरच्याकडे बघून विचारायचं. संपूर्ण ध्वनिमुद्रण करायचं आणि महत्त्वाची वाक्यं संध्याकाळी दुसऱ्या भाषांतरकाराकडून तपासून घ्यायची. आणि चहा संपेपर्यंत मुख्य प्रश्नाला हात घालायचा नाही. घाईत असलेला परदेशी पाहुणा हिरव्या चहाचा पहिला पेला हातात असतानाच ‘तालिबान इथे येतात का’ असं विचारतो, आणि पुढची तासभर मुलाखत हवापाण्यावर होते.

गाडीचंही तसंच. काबूलमध्ये बघावं तिकडे टोयोटा कोरोला. परदेशी संस्थांच्या पांढऱ्या लँड क्रूझर लांबूनच ओळखू येतात. त्यामुळे लष्कराशिवाय फिरणारा वार्ताहर सहसा जुनी, धुळकट कोरोला पसंत करतो. मागच्या सीटवर बसायचं, चेहरा काचेपासून दूर, कॅमेरा पायाशी. शहराबाहेर जाताना फोनमधले परदेशी नंबर आणि सैनिकांसोबतचे फोटो पुसायचे, कारण चौकीवर तालिबान अडवतात तेव्हा आधी फोन बघतात. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायचं नाही. परदेशी माणूस आल्याची बातमी गावात पसरायला आणि कोणीतरी मोटरसायकलवरून पोचायला तेवढाच वेळ पुरतो. परतताना त्याच रस्त्याने यायचं नाही, अर्थात दुसरा रस्ता असला तर. काबूल-कंदाहार हा सुमारे ४८० किलोमीटरचा महामार्ग २००३ च्या अखेरीस मोठ्या गाजावाजाने नव्याने सुरू झाला, आणि पाचेक वर्षांत परदेशी माणसाने त्यावरून जाणं म्हणजे अपहरणाला निमंत्रण अशी त्याची ख्याती झाली.

बुरखा घालून किम गर्दीत शिरते, तो प्रसंग या सगळ्यासह पाहावा. पकडली गेली तर तिच्यामागे तिचं सरकार, तिची वाहिनी, तिचा पासपोर्ट. फहीमकडे यातलं काही नाही. तो पेशाने डॉक्टर होता, व्यसनी माणसं त्याने पाहिली आहेत आणि तिच्यात तीच लक्षणं दिसतात असं तो तिला सुनावतो. चित्रपटातला हा सगळ्यात खरा संवाद म्हणता येईल. प्रत्यक्षात काय झालं ते बघा. मार्च २००७ मध्ये इटलीच्या एका दैनिकाचे वार्ताहर दानिएले मास्त्रोजाकोमो यांचं हेलमंदमध्ये अपहरण झालं. चालक सय्यद आगा यांना मारण्यात आलं. अफगाण सरकारने पाच तालिबान कैदी सोडले आणि इटालियन पत्रकार सुटले. सोबत पकडलेले फिक्सर अजमल नक्शबंदी सुटले नाहीत. एप्रिलमध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. सप्टेंबर २००९ मध्ये कुंदुझमध्ये ब्रिटिश कमांडोंनी स्टीफन फॅरेल यांना सोडवलं, त्या कारवाईत त्यांचे सहकारी सुलतान मुनादी मारले गेले. चित्रपटाच्या शेवटाकडे अपहृत छायाचित्रकाराला सोडवण्याची मोहीम येते, ती नायकाच्या सुटकेची गोष्ट म्हणून रंगवली आहे. अशा मोहिमांत दुसरा माणूस कोण होता, हे तिथे विचारलं जात नाही.

अपहरणाबाबत आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांना चक्रावते. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे डेव्हिड रोड, स्थानिक पत्रकार ताहिर लुदिन आणि चालक असद मंगल यांना पळवलं गेलं. सात महिने जवळजवळ सगळ्या जगाच्या माध्यमांनी ही बातमी दाबून धरली, विकिपीडियावरूनसुद्धा ती वारंवार काढली गेली. कारण उघड आहे: नाव गाजलं की खंडणीचा आकडा चढतो. रोड आणि लुदिन जून २००९ मध्ये रात्री भिंतीवरून दोर टाकून निसटले.

दुसरा खांब म्हणजे लष्कर, आणि त्याच्यासोबत राहून वार्तांकन करणं म्हणजे एम्बेड. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर २००३ च्या इराक चढाईत रुळली, तेव्हा शेकडो पत्रकार सैन्याच्या तुकड्यांना जोडले गेले. व्यवहार असा: लष्कर तुम्हाला जेवण, गाडी, संरक्षण आणि आघाडीवर जाण्याची संधी देतं. बदल्यात तुम्ही नियमांवर सही करता. पुढच्या कारवाया, तुकडीची नेमकी जागा, नेमकं संख्याबळ सांगायचं नाही. शस्त्र बाळगायचं नाही. स्वतःचं वाहन आणायचं नाही. जखमी किंवा मृत सैनिकाची ओळख घरच्यांना कळेपर्यंत उघड करायची नाही. २००३ च्या अमेरिकन नियमावलीत यासाठी ७२ तासांची कमाल मुदत होती. शिवाय तुम्हाला काही झालं तर लष्कर जबाबदार नाही, अशा कागदावरही सही असते. बातमी छापण्याआधी सरसकट तपासून घेतली जात नसे. नियम मोडला की तुकडीतून रवानगी, एवढा धाक पुरत असे.

अर्ज करताना संस्थेचं पत्र, पासपोर्ट, विमा, रक्तगट अशी कागदपत्रं लागत. मग बग्राम किंवा कंदाहारच्या तळावर पोचायचं आणि हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळायची वाट बघायची. पत्रकाराचा नंबर सैनिक, दारूगोळा आणि टपाल यांच्या मागे. धूळ उठली की उड्डाण रद्द. त्यामुळे आठवड्याचा एम्बेड ठरवला तर त्यातले दोन-तीन दिवस तळावरच्या बाकावर जातील असं धरूनच चालावं लागे. हे चित्रपटात नाही, कारण बाकावर बसणं पडद्यावर दाखवायला कंटाळवाणं.

सामानाबद्दल थोडं तपशिलात, कारण नवखा माणूस इथेच चुकतो. बुलेटप्रूफ जॅकेटचे दोन भाग असतात. नुसता मऊ भाग पिस्तुलाच्या गोळीला आणि उडालेल्या तुकड्यांना अडवतो, कलाश्निकोव्हच्या गोळीला नाही. त्यासाठी पुढे-मागे कडक पाट्या बसवाव्या लागतात. सगळं मिळून दहा किलोच्या आसपास वजन होतं, हेल्मेट वेगळं. पाटीची वरची कड गळ्याखालच्या खळगीशी यायला हवी, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं झाकली जातात. जड लागतं म्हणून पट्टे सैल केले की पाटी पोटावर घसरते आणि नेमकी छाती उघडी पडते. सिरॅमिकची पाटी जमिनीवर आपटली तर आतून तडकते. बाहेरून काही कळत नाही, म्हणून ती सामानात टाकताना सांभाळायची. रंगाचाही प्रश्न असतो. एकट्याने फिरताना सैनिकी रंग नको, गोळी घालणाऱ्याला तुम्ही सैनिक वाटता. तुकडीसोबत असताना भडक निळा नको, पूर्ण रांगेत तुम्हीच आधी दिसता.

पायी गस्तीत पुढच्याने ठेवलेल्या पावलावरच पाऊल टाकायचं आणि मध्ये काही मीटरचं अंतर राखायचं. हेलमंदमध्ये पिवळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये खताची स्फोटकं भरून पुरलेली असत. धातू जवळजवळ नसल्यामुळे शोधक यंत्राला ती सहज सापडत नसत. चांगला फोटो मिळावा म्हणून रस्त्याच्या कडेला उतरणारा छायाचित्रकार स्वतःचा आणि त्याला उचलायला येणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो. प्रत्येकाच्या खिशात टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळून बांधायची पट्टी) असतं, ठरलेल्या खिशात, म्हणजे तुम्ही बेशुद्ध असलात तरी दुसऱ्याला सापडेल. ते जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधायचं, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. कमरेचा पट्टा पुरेसा आवळता येत नाही, त्यामुळे चित्रपटांत दिसणारी ती युक्ती बहुधा फसते.

एम्बेडची खरी किंमत मात्र या सामानात नाही. ज्यांच्यासोबत जेवता-झोपता, जे तुमचं रक्षण करतात, त्यांच्या विरोधात लिहिणं जड जातं, आणि गावकऱ्याला तर तुम्ही बंदूकधाऱ्यांच्या टोळीतलेच एक दिसता. चित्रपटात याचे दोन उत्तम नमुने आहेत. एक तरुण मरीन, म्हणजे अमेरिकी सैनिक, कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने काहीतरी बोलून जातो, त्याची बदली होते, आणि नव्या ठिकाणी तो पाय गमावून बसतो. दुसरा नमुना विहिरीचा. मरीन गावात विहीर दुरुस्त करतात, ती पुन्हा पुन्हा उद्‌ध्वस्त होते, सगळे तालिबानला दोष देतात. किम बाई असल्यामुळे गावातल्या बायका तिला आत घेतात आणि सांगतात की विहीर आम्हीच मोडतो. नदीवर पाण्याला जाणं हाच त्यांचा एकमेकींशी बोलण्याचा वेळ होता. प्रसंग रचलेला असला तरी त्यामागचं तत्त्व पक्कं आहे. अफगाणिस्तानात परदेशी स्त्री पत्रकाराला पुरुषांच्या बैठकीतही बसता येतं आणि जनान्यातही जाता येतं. पुरुष पत्रकाराला निम्म्या देशाशी बोलताच येत नाही.

तिसरा खांब म्हणजे घरचं डेस्क, आणि इथे घड्याळ आडवं येतं. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांचं मुख्य बातमीपत्र न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसहाला असतं. तेव्हा काबूलमध्ये उन्हाळ्यात पहाटेचे तीन आणि हिवाळ्यात चार वाजलेले असतात. दिवसभर बातमी गोळा करायची, रात्री संपादित करून पाठवायची आणि पहाटे ताजंतवानं दिसत गच्चीवर उभं राहायचं. झोपेचं खोबरं होतं आणि गेस्ट हाउसमधल्या रात्री लांबतात, त्याचं एक कारण हे.

चित्र पाठवायला २००५ नंतर बीगॅन नावाचं लॅपटॉपएवढं उपग्रह यंत्र हाताशी आलं. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे त्याचं तोंड नेमकं रोखावं लागतं. मध्ये भिंत किंवा झाड आलं की संपर्क तुटतो. पैसे मेगाबाइटवर मोजले जातात, म्हणून जोडण्याआधी लॅपटॉपचे आपोआप होणारे अपडेट बंद केले नाहीत तर सगळा खर्च त्यातच जातो. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, प्रश्नाचा प्रवास आणि उत्तराचा प्रवास मिळून अर्धा, त्यात चित्र दाबून पाठवण्याचा वेळ. म्हणून लाइव्हमध्ये वार्ताहर दोनेक सेकंद नुसता मान हलवत उभा दिसतो. त्याला उत्तर सुचत नाही असं नसतं, प्रश्नच पोचलेला नसतो.

यंत्र सुधारलं तरी मागणी आटली. २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेचे दहा-बारा हजार सैनिक होते आणि सगळ्यांचं लक्ष इराककडे. २०१० च्या सुमारास सैनिक एक लाखाच्या घरात गेले, पण तोवर अनेक अमेरिकी दैनिकांची परदेशी कार्यालयं पैशाअभावी बंद होत होती. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या मालक कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तीच बातमी तिसऱ्यांदा विकली जात नाही, मग वार्ताहर आणखी धोकादायक काहीतरी शोधतो. किमच्या वाढत्या धाडसामागे हा बाजार आहे, आणि चित्रपट तो बऱ्यापैकी दाखवतो.

परदेशी मंडळींच्या पार्ट्या अतिशयोक्त वाटतात, पण काबूलमध्ये एकेकाळी असे बार आणि गेस्ट हाउस खरोखर होते. १७ जानेवारी २०१४ ला एका लेबनीज रेस्टॉरंटवर हल्ला झाला, २१ जण मारले गेले, त्यातले १३ परदेशी. त्यानंतर तो माहोल झपाट्याने विरला.

कायद्याचं एक वाक्य: १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार सैन्यासोबतचा अधिकृत युद्धवार्ताहर पकडला गेल्यास युद्धकैदी ठरतो, तर स्वतंत्र फिरणारा पत्रकार १९७७ च्या पहिल्या जादा करारानुसार सामान्य नागरिक. कागदावर दोघांनाही संरक्षण आहे, प्रत्यक्षात ते पुरत नाही. भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दिकी १६ जुलै २०२१ ला कंदाहारमधल्या स्पिन बोल्दाकला मारले गेले तेव्हा ते रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी अफगाण विशेष दलासोबत होते. ३० एप्रिल २०१८ ला काबूलमध्ये तर पहिल्या स्फोटानंतर जमलेल्या पत्रकारांमध्ये पत्रकार असल्याचं भासवून दुसरा हल्लेखोर शिरला. नऊ पत्रकार गेले, त्यात एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेचे शाह मराई होते. म्हणूनच पहिल्या स्फोटाच्या जागी घाईने घोळका करायचा नाही, हा नियम नव्या पोरांना आधी शिकवला जातो.

चित्रपटाचं कच्चं अंग उघड आहे. चित्रण न्यू मेक्सिकोत झालं, ते चालून जातं, तिथलं रखरखीत पठार काबूलसारखं भासतं. पण अफगाण मंत्री ब्रिटिश आल्फ्रेड मोलिना आणि फहीम अमेरिकन ख्रिस्तोफर अॅबट हे पचत नाही, दोघांचा अभिनय कितीही चांगला असला तरी. ज्या माणसांवाचून बातमी होत नाही, त्यांच्याच भूमिका त्यांच्यातल्या कोणाला मिळाल्या नाहीत.

अमेरिकी सरकारसाठी काम केलेल्या अफगाण दुभाष्यांना एका खास व्हिसाची सोय होती. अमेरिकी वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांचे फिक्सर त्यात बसत नव्हते. त्यांच्यासाठी वेगळी निर्वासित योजना २ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झाली. अट अशी की आधी स्वतःच्या खर्चाने अफगाणिस्तानाबाहेर पडायचं, कुठल्या तरी तिसऱ्या देशात पोचायचं, आणि तिथे साधारण वर्षभर अर्जाच्या निकालाची वाट बघायची. १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं.